तो रकाना रिकामाच राहू द्या

सातपुड्याच्या पायथ्याशी खान्देशातल्या एका गावाहून एका आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते. वय 42, शिक्षण दहावी, कामाला 14 वर्षं झाली. गावाबरोबर वरचे दोन पाडेही त्यांच्याकडेच. पाड्यावर रेंज नाही. फोन स्वतःचा आणि जुना, रिचार्ज स्वतःचा. दिवसभर फिरून आल्यावर रात्री ‘ऑनलाइन’ची सगळी माहिती मुलगी आपल्या फोनवरून भरते. ती जूनमध्ये शिकायला जळगावला जाणार आहे. नवरा म्हणतो, सोडून दे ते काम.

गेल्या हिवाळ्यात एका बाळाच्या चौदाव्या दिवसाच्या भेटीत झोळीचा वजनकाटा अडकला, काटा हलेचना. बाळ जन्मलं तेव्हा 2 किलो 300 ग्रॅम होतं. वजनाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता, अडीच किलोच्या आतला आकडा टाकला तर आणखी प्रश्न उघडत होते. महिनाअखेर होती. ‘काहीतरी टाका आणि संपवा’ असा निरोप आला. ताईंनी 2 किलो 500 टाकलं. आठवड्याने सिस्टरनी वजन केलं तर भरलं 2 किलो. बाळ 9 दिवस नवजात कक्षात होतं, आता घरी आहे, अंगावर पितं आहे. तो आकडा अंदाजाचा होता हे कुणालाच माहीत नाही. ताई विचारतात, सांगू का? आणि मी अडाणी बाई, हे मोबाईलचं काम मला झेपायचं नाही, तर राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी कधी जाणार ते त्यात आहे, रिचार्ज केवढ्याला पडतो ते आहे, त्या रात्री कोणता आकडा टाकला तोही आहे. बाळाचं आजचं वजन मात्र कुठेच नाही. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी उद्या सकाळी अंगणवाडीतला काटा मागून घ्या, चालतो का ते एक किलोचं माप टांगून बघा, आणि त्या घरी जा. कमी वजनाचं, नवजात कक्षातून परतलेलं बाळ आहे. सहाव्या महिन्याच्या भेटीची वाट बघत बसण्यातलं ते नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. सांगा.

आधी तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकताईंना तोंडी सांगा, कारण त्यांना ते दुसरीकडून कळलं तर त्या दुखावतील आणि पुढचं अवघड होईल. मग सिस्टरना. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने चार ओळींचा अर्ज लिहा: अमुक तारखेला चौदाव्या दिवसाच्या भेटीत वजनकाटा बंद असल्यामुळे वजन घेता आलं नाही, फॉर्म पुढे जात नसल्याने 2.500 ही नोंद अंदाजाने झाली, ती दुरुस्त करावी आणि काटा बदलून मिळावा. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. बोलणी बसतील का? बसतील कदाचित. ते खोटं सांगून मी तुम्हाला पाठवणार नाही. पण पाच महिने तुम्ही जे एकटीने उरात घेऊन फिरता आहात, ते त्या बोलण्यांपेक्षा जड आहे, हे तुमच्या अक्षरावरूनच कळतं.

बाळाच्या आईचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तिच्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड असेल. त्यावरही तो आकडा लिहिला असेल तर एक रेघ मारून शेजारी ‘वजन घेतलं नव्हतं’ असं लिहा आणि तिला तोंडाने सांगा की माझा काटा बंद होता, मी त्या दिवशीच सिस्टरना बोलवायला हवं होतं. मला माहीत आहे, ही सगळ्यात कठीण पायरी आहे. पण उद्या ते बाळ दुसऱ्या डॉक्टरसमोर गेलं, तर तो डॉक्टर कार्डावरचाच आकडा खरा धरील.

दोष कुणाचा, यावर तुम्ही बरंच लिहिलं आहे. मी स्पष्ट बोलते. काटा बंद होता, हा तुमचा दोष नाही. रिकामा रकाना न घेणारा फॉर्म तुम्ही बनवला नाही. ‘काहीतरी टाका’ हा निरोप तुम्ही पाठवला नाही. पण बाळ हाताला हलकं लागत होतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. काटा नसला तरी तुमच्या हातांना कळलं होतं. ते तुम्ही सिस्टरना सांगितलं नाही. चुकला असलात तर एवढ्यात चुकलात, आणि एवढं पुढच्या वेळी तुमच्या हातात आहे.

आता ‘अडाणी’ या शब्दाकडे येते, कारण तो पत्रात चार वेळा आला आहे. नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, 60 किंवा त्याहून जास्त भरले तर न थांबता दवाखाना गाठायचा, हे तुम्हाला येतं. 3, 7, 14, 21, 28 आणि 42 या दिवसांच्या सहा भेटी तुम्हाला तारखा न बघता आठवतात. पाड्यावरच्या बाईशी पावरीत आणि गावातल्या आजीशी अहिराणीत तुम्ही बोलता. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, ती तुमच्यासारख्या, फार न शिकलेल्या गावातल्या बायांच्या भरवशावर, आणि पुढे ती देशभर गेली. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, तो फॉर्म पटापट भरल्याबद्दल नव्हता.

तुमच्या फोनवर जे अडतं, त्यातलं किती तुमच्या अडाणीपणामुळे अडतं, ते एकदा बाजूला काढून बघा. तुम्ही लिहिलंत की आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या ऑनलाइन नोंदींचं ओळखपत्र, काढायला गेलात तर म्हातारी म्हणाली, “ताई, ओटीपी कोणलेच देवाना नही, असं बँकवालास्नी सांगेल शे.” म्हातारीचं चुकलं का? मुळीच नाही. तिला कुणीतरी शहाणपणाची गोष्ट शिकवली आणि तिने ती पाळली. दुसऱ्या घरी आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला बारडोलीकडे. ओटीपी तिकडे फडात वाजतो आणि इकडे तुम्ही ओट्यावर थांबलेल्या. संध्याकाळी तो फोन लावील तोवर ओटीपीची मुदत संपलेली. यात तुमचं कुठे काय कमी पडलं? खान्देशातून माणसं दर वर्षी तोडीला जातात, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. फॉर्म बनवणाऱ्याला ते कुणी सांगितलं नाही.

एवढ्यावरून ऑनलाइन सगळंच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. तोडीला गेलेली गरोदर बाई सुरतेच्या बाजूला दवाखान्यात गेली आणि तिथे तिची इथली नोंद दिसली, तर तिचा जीव वाचू शकतो. क्षयरोग्याला पोषण आहारासाठी महिन्याला मिळणारे पैसे 2018 मध्ये 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, आणि ते थेट खात्यात येतात. पहिलटकरणीचे 5000 रुपयेही तसेच. मधला हात गेला, हे चांगलंच झालं. आणि कागदाच्या काळात सगळं खरं होतं, असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी स्वतः जळगाव जिल्ह्यात आरोग्य सहायिका होते. 1996 च्या एप्रिलपर्यंत कुटुंब नियोजनाचं लक्ष्य वरून ठरून यायचं, आणि मार्च जवळ आला की रजिस्टरं कशी भरायची ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा पेन होतं, आता फोन आहे. आकडा वरून मागितला, तो मोजायचं साधन खाली दिलं नाही, की तो आकडा घरी बसूनच तयार होतो.

मग अडतं कुठे? पैशावर अडतं, ताई. शेतात विहीर खोदली, मोटर बसवली, फोटो काढला. पण दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार, मोटर जळली तर वाइंडिंगचे पैसे कुठून येणार, हे कुणी धरलंच नाही, तर त्या विहिरीचं पाणी पिकाला मिळत नाही. अ‍ॅप बनवणं हा एकदाचा खर्च असतो. ते चालतं ठेवणं हा रोजचा: फोनची दुरुस्ती, डेटा, शिकवायला माणूस, बिघडलं तर फोन उचलणारा माणूस, आरोग्य केंद्रात नोंदी करणारा ऑपरेटर, पाड्यावर टॉवर. हा रोजचा खर्च जिथे धरला गेला नाही, तिथे तो नाहीसा होत नाही. तो कुणाच्यातरी पदरातून जातो. तुमच्या बाबतीत तो तुमच्या रिचार्जमधून जातो आहे, तुमच्या झोपेतून जातो आहे आणि तुमच्या मुलीच्या अभ्यासाच्या रात्रींमधून जातो आहे. ऑक्टोबर 2018 पासून नियमित कामांसाठी केंद्र सरकारचे महिना 2000 धरले गेले, मोठ्या आंदोलनानंतर मार्च 2024 मध्ये राज्याने 5000 वाढवले. त्या पैशातूनच तुम्ही सरकारचा डेटा भरता, आणि तेच काम रजिस्टरमध्येही पुन्हा लिहिता.

म्हणून तुमच्या त्या 2 किलो 500 कडे मी निराळ्या नजरेने बघते. तो आकडा वर गेला तेव्हा त्याने बाळाबद्दल खोटं सांगितलंच, शिवाय काट्याबद्दलही खोटं सांगितलं. या गावात काटा आहे आणि चालतो, असं त्याने कळवलं. मग नवा काटा कशाला येईल? तसंच मुलीच्या फोनवरून रात्री अकराला गेलेली नोंद सांगते की या गावात रेंज आहे, फोन आहे, आणि ताईंना वेळही आहे. तुम्ही जीव काढून भरलेला प्रत्येक रकाना तुमच्याकडे काय नाही ते झाकतो. रिकामा रकाना ते दाखवतो. तुम्हाला वाटतं रिकामं ठेवलं तर मी कामचुकार ठरेन. मी म्हणते, रिकामं ठेवा आणि का रिकामं आहे ते लिहा. कारण न लिहिता रिकामं ठेवलं तर मात्र तुम्हीच सापडाल.

त्यासाठी एक शंभर पानी वही घ्या. तारीख, घर नव्हे तर फक्त पाडा किंवा गल्ली, काय अडलं, किती वेळ गेला, किती पैसे गेले. ‘काटा अडकला, वजन नाही, सिस्टरना फोन केला 11.40.’ ‘पाड्यावर रेंज नाही, खाली येऊन भरलं, दीड तास.’ बायांची नावं या वहीत घालू नका, ती वही पुढे चार जणांच्या हातात जाणार आहे. फॉर्म रिकाम्या रकान्यासह पुढे जात नसेल तर तो पाठवूच नका. त्याच दिवशी गटप्रवर्तकताईंना वेगळा मेसेज करा, ग्रुपवर नव्हे, कारण ग्रुपवर तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तर मेसेजवरही थांबू नका. फोनच करा.

महिन्याच्या सभेला एकट्या उठू नका. पत्रात तुम्ही म्हणता, सगळ्याच असं करतात. मग त्या सगळ्यांकडेच अशी वही असू दे. दहा-बारा जणींच्या वह्यांमधून एका महिन्याचा हिशेब काढा: बंद काटे किती, रिचार्ज किती, दोनदा लिहिलेलं काम किती तासांचं. हा हिशेब अर्जाला जोडून द्या, पुन्हा आवक क्रमांक घेऊन. अंगणवाडीच्या ताईंना विचारा. त्यांना 2 जीबी रॅमचे फोन मिळाले होते, ते तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा, आणि नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत होतं. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन गोळा करून कार्यालयांत परत नेऊन दिले. एकटीने परत केला असता तर नोटीस आली असती. पुढे ते अ‍ॅप मराठीतही आलं. आणि आपल्या नंदुरबारचं उदाहरण आहेच. 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच ठेवलेली देखरेख, ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. औषध नाही, सिस्टर येत नाही, हे गावकऱ्यांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं. तुमचा बंद काटाही गावाचाच प्रश्न आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत तो मांडा. समितीच्या अबंधित निधीत, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणाऱ्या निधीत, पैसे आले असतील तर काट्याचा ठराव करून मागा. दहा हजारांच्या आत-बाहेरचा तो निधी असतो, त्यात काट्याची जागा नक्की आहे.

मागायचंच आहे तर एक नेमकी गोष्ट मागा: आठवड्यातून एक दिवस, केंद्रात बसून, तिथल्या नेटवर, ऑपरेटरच्या शेजारी. तुम्ही कागद वाचून दाखवाल, नोंद तिथे होईल. त्या दिवशी गृहभेटी धरल्या जाऊ नयेत. ‘आम्हाला ऑनलाइन नको’ म्हटलं की समोरचा माणूस ऐकणं बंद करतो. ‘शुक्रवारी अकरा ते तीन’ म्हटलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

मुलीविषयी मला थोडं कठोर बोलायचं आहे. जून येण्याआधीच तिचं हे काम बंद करा. ती गुणी आहे, आईचे हाल तिला बघवत नाहीत, हे कळतं. पण कुणाला क्षय आहे, कुणाची पाळी चुकली आहे, कुणाचं लग्नाआधी काय झालं, हे तुमच्यावर विश्वास ठेवून बायांनी तुम्हाला सांगितलेलं असतं. ते गावातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये आहे, हे त्यांना कळलं तर तुमचे चौदा वर्षांचे दरवाजे बंद होतील. तिच्याकडून शिकून घ्या, फोन तुमच्या हातात ठेवून, ती शेजारी बसून. तिच्या फोनमधले आधार कार्डांचे फोटो आजच पुसा, पासवर्ड बदला. आणि ओटीपीसाठी कुणाच्या मागे लागू नका. समजावून सांगा, कशासाठी आहे ते म्हणा. नाही म्हणाली तर ‘नकार’ असं वहीत लिहा. कार्ड नसलं तरी तिची तपासणी थांबवायची नाही.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रात्री बाराला तुम्ही रडता हे तोच बघतो. राजीनामा हा तुमचा हक्क आहे आणि 14 वर्षांनंतर कुणी थकलं तर त्यात लाज नाही. फक्त आज, या आकड्याच्या भाराखाली तो देऊ नका. आज दिलात तर ‘माझी लायकी नव्हती’ असं समजून आयुष्यभर बसाल, आणि ते खरं नाही. अर्ज द्या, तीन महिने वही ठेवा, शुक्रवार मागा. त्यानंतरही खोटं लिहायला लावत असतील, तब्येत ढासळत असेल, तर सोडा, आणि कारण लिहून सोडा. त्या कागदाचीही प्रत ठेवा.

हे सदर वाचणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि गटप्रवर्तकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याही डोक्यावर वरचा आकडा आहे, हे मला माहीत आहे, मी त्या खुर्चीच्या शेजारी बसून आले आहे. पण ‘काहीतरी टाका’ हा निरोप पाठवू नका. त्याऐवजी ‘काय अडलं ते लिहा’ असा पाठवा. शब्द तेवढेच लागतात. आणि आवक वहीत बंद काट्याचे अर्ज साठले, तर वर मागणी करताना ते तुमच्याच कामाला येतील. घरच्यांना सांगायचं तर इतकंच, की आशाताईची अडचण ‘तिला मोबाईल येत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. तिच्याबरोबर सभेला जाऊन बाहेर ओट्यावर बसलात तरी तिला बळ येतं.

ताई, अर्जाची भाषा जमली नाही तर तुम्हाला येते तशी लिहा, अहिराणीतही चालेल, शिक्का तेवढा मारून घ्या. आणि बाळाचं नवं वजन मला दोन ओळींत कळवा.